हिऱ्यांपासून हवामानापर्यंत : भौतिकशास्त्रज्ञ अन्ना मणी यांची वाटचाल

भारतातील हवामानाची उपकरणे भारतातच तयार व्हावीत आणि त्यांनी दिलेला आकडा जगातील कोणत्याही वेधशाळेच्या आकड्याशेजारी निःशंकपणे ठेवता यावा, या एका ध्येयासाठी भौतिकशास्त्रज्ञ अन्ना मणी यांनी आपली कारकीर्द वेचली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रमण यांच्या मार्गदर्शनाखाली हिऱ्यांवर संशोधन, त्यानंतर पुण्याच्या वेधशाळेत सुमारे दोन दशकांची सेवा आणि अखेरीस दिल्लीत हवामान खात्याचे उपमहासंचालकपद, असे त्यांच्या प्रवासाचे टप्पे होते. डॉक्टरेटसाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध पूर्ण होता, मात्र विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली. पुढे ज्या सरकारी खात्यात त्या परिस्थितीमुळे गेल्या, तेथेच त्यांच्या हातून देशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कार्य घडले.

पीरमेडचे बालपण

त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या थंड हवेच्या ठिकाणी २३ ऑगस्ट १९१८ रोजी अन्ना मणी यांचा जन्म झाला. हा डोंगराळ भाग आज केरळच्या इडुक्की जिल्ह्यात मोडतो. सीरियन ख्रिस्ती समाजातील या सुखवस्तू कुटुंबात आठ भावंडे होती आणि अन्ना त्यांतील सातव्या. वडील स्थापत्य अभियंता होते. वेलदोड्याचे मोठे मळे त्यांच्या मालकीचे होते. अशा घरांतील मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यांवर जावे आणि मुलींनी वेळेवर विवाह करून संसाराला लागावे, अशी त्या काळची रीत होती. मणी कुटुंबही त्याला अपवाद नव्हते.

अन्ना यांना लहानपणापासूनच वाचनाची विलक्षण ओढ होती. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत त्यांनी गावातील सार्वजनिक वाचनालयातील बहुतेक मल्याळी पुस्तके वाचून संपवली होती. बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजी पुस्तकांचीही तीच गत झाली. आठव्या वाढदिवसाला कुटुंबाच्या प्रथेप्रमाणे त्यांना हिऱ्यांच्या कुड्या देऊ करण्यात आल्या. त्या नाकारून त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या विश्वकोशाचे खंड मागून घेतले. दागिना म्हणून नाकारलेला हिरा पुढे संशोधनाचा विषय म्हणून त्यांच्यासमोर येणार होता, याची कल्पना तेव्हा कोणालाच असणे शक्य नव्हते.

त्याच सुमारास त्रावणकोरमध्ये वैकोमचा सत्याग्रह सुरू होता. मंदिराभोवतीचे रस्ते सर्व जातींच्या लोकांना खुले व्हावेत, यासाठी १९२४ मध्ये हे आंदोलन उभे राहिले आणि १९२५ मध्ये महात्मा गांधी स्वतः वैकोमला आले. या घटनांचा बालवयातील अन्ना यांच्या मनावर खोल परिणाम झाला. त्यांनी खादी वापरण्यास प्रारंभ केला आणि हे व्रत आयुष्यभर सांभाळले. बहिणींची लग्ने लवकर झाली. अन्ना यांनी मात्र उच्च शिक्षणाचा मार्ग निवडला. घरातून त्यांना उत्तेजन मिळाले नाही, तसा कडवा विरोधही झाला नाही. त्या अखेरपर्यंत अविवाहित राहिल्या.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ मध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी बी.एस्सी. ऑनर्स ही पदवी संपादन केली. पुढील वर्षी, म्हणजे १९४० मध्ये, भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बंगळूरला दाखल झाल्या.

बंगळूरची प्रयोगशाळा

आज बंगळूर म्हटले की महादेवपुरा, व्हाईटफील्ड या परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. १९४० च्या दशकात मात्र या शहराची वैज्ञानिक ओळख प्रामुख्याने भारतीय विज्ञान संस्थेमुळे होती. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रमण तेथे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. होमी भाभा आणि विक्रम साराभाई हे तरुण शास्त्रज्ञही युद्धकाळात याच संस्थेत संशोधन करीत होते.

या संस्थेची दारे स्त्रियांना सहजासहजी उघडली नव्हती. मराठी वाचकांना परिचित असलेल्या कमला सोहोनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांना तो अनुभव अन्ना मणी यांच्या आधी आला होता. विदुषी दुर्गा भागवत यांच्या या भगिनीने मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण होऊन १९३३ मध्ये संस्थेत अर्ज केला. तेव्हा संचालकपदी असलेल्या रमण यांनी केवळ त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रमण यांचे मत बदलले आणि पुढे काही विद्यार्थिनींना संस्थेत स्थान मिळाले. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून पुढे आलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये अन्ना मणी होत्या.

रमण यांना त्या काळात हिऱ्यांनी झपाटले होते. भारतातील व आफ्रिकेतील मिळून सुमारे ३०० हिरे त्यांनी जमवले होते आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या बाजूने हिऱ्याचाच अभ्यास करीत होते. अन्ना मणी यांच्याकडे हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशीय गुणधर्मांचे काम आले. काही हिऱ्यांवर विशिष्ट प्रकाश पाडला असता ते तो शोषून घेतात आणि निळसर, हिरवट अशा निराळ्या रंगांचा प्रकाश बाहेर टाकतात. प्रत्येक हिऱ्याच्या बाबतीत हा प्रकाश कसा बदलतो, त्याचा वर्णपट कसा दिसतो आणि स्फटिकाच्या अंतर्गत रचनेशी त्याचा काय संबंध आहे, हे त्यांनी ३० हून अधिक हिऱ्यांवर तपासले.

हे काम अतिशय चिकाटीचे होते. स्फटिक द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड ठेवावा लागे. त्यातून बाहेर पडणारा प्रकाश इतका मंद असे की छायाचित्रणाच्या काचेवर त्याची नोंद उमटण्यास १५ ते २० तास लागत. त्यामुळे अन्ना मणी यांना अनेकदा रात्र प्रयोगशाळेतच काढावी लागे. १९४२ ते १९४५ या काळात हिरा व माणिक यांवर त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. या पाचही निबंधांवर लेखक म्हणून एकट्या त्यांचेच नाव होते.

प्रयोगशाळेतील वातावरण मात्र सर्वांसाठी सारखे नव्हते. विद्यार्थी व विद्यार्थिनींनी एकमेकांत मिसळू नये, असा रमण यांचा दंडक होता. संशोधनाच्या क्षेत्रात सहकाऱ्यांशी होणाऱ्या अनौपचारिक चर्चेतून विद्यार्थी पुष्कळ शिकतो. विद्यार्थिनी या चर्चेपासून बऱ्याच अंशी दूर राहत. एखादे उपकरण हाताळताना स्त्रीच्या हातून किरकोळ चूक झाली, तरी ती स्त्रियांच्या अंगच्या अक्षमतेची खूण मानली जात असे.

नाकारलेली पदवी

ऑगस्ट १९४५ मध्ये अन्ना मणी यांनी डॉक्टरेटसाठी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. भारतीय विज्ञान संस्थेला त्या काळी स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार नव्हता. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला १९५८ मध्ये मिळाला. तोपर्यंत तेथील संशोधकांना डॉक्टरेटसाठी बाहेरील विद्यापीठांकडे जावे लागे आणि मद्रास विद्यापीठ त्यांपैकी एक होते.

विद्यापीठाने या प्रबंधावर डॉक्टरेट देण्यास नकार दिला. अन्ना मणी यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही, हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्यांनी ऑनर्सची पदवी घेतली होती, संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवली होती आणि स्वतंत्रपणे पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले होते. नियमाच्या चौकटीत या गोष्टींना स्थान मिळाले नाही. पूर्ण झालेला तो प्रबंध इतर प्रबंधांप्रमाणेच बांधणी करून बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला. ज्यांच्या लेखकांना डॉक्टरेट मिळाली, त्या प्रबंधांपासून तो वेगळा ओळखता येत नाही.

या निर्णयाविषयी अन्ना मणी यांनी पुढील आयुष्यात कधी गाऱ्हाणे मांडले नाही. पदवी न मिळाल्याने आपले काही अडले नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. आपल्या वाटचालीत स्त्री असणे ही अडचण ठरली, हेही त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या कार्याचा अभ्यास करणाऱ्या विज्ञानेतिहासकारांनी मात्र त्या काळच्या प्रयोगशाळांतील व्यवस्थेकडे लक्ष वेधले आहे. अन्ना मणी यांचे स्वतःविषयीचे मत आणि अभ्यासकांचे निरीक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. व्यक्तीने अडथळ्याला महत्त्व दिले नाही, म्हणून अडथळा नव्हता असे होत नाही.

लंडनमार्गे पुण्याला

दुसरे महायुद्ध संपत असताना भारत सरकारने तरुणांना परदेशात विशेष प्रशिक्षण देण्यासाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अन्ना मणी यांची त्यासाठी निवड झाली. १९४५ मध्ये सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या इंग्लंडला रवाना झाल्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये भौतिकशास्त्रातील संशोधन पुढे न्यावे, अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची एकच जागा उपलब्ध होती आणि त्यांनी ती स्वीकारली. हिऱ्याच्या वर्णपटात रमलेल्या संशोधिकेला तापमापक आणि वायुभारमापक यांच्या रचनेकडे वळावे लागले.

हे वळण त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते. मात्र रमण यांच्या प्रयोगशाळेत मिळालेली शिस्त येथे कामी आली. अत्यंत मंद प्रकाशाची नोंद घेण्यासाठी तासन्‌तास उपकरण स्थिर ठेवणे आणि त्यातील बारीकशी चूकही हेरणे हाच त्यांचा पाच वर्षांचा अभ्यास होता. हवामानाच्या उपकरणांनाही याच दक्षतेची गरज असते.

१९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्यात भारतीय हवामान खात्याच्या सेवेत रुजू झाल्या. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले होते. शिवाजीनगर येथील त्याच्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणून ओळखतात आणि तेथील चौकालाही तेच नाव पडले आहे. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. एस. पी. वेंकटेश्वरन हे त्याचे प्रमुख होते. उपकरणांच्या बाबतीत देश स्वावलंबी झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि अन्ना मणी यांना तो मनापासून पटला.

परिस्थिती तशी बिकट होती. पर्जन्यमापक, तापमापक, वायुभारमापक यांसारखी साधी उपकरणेही ब्रिटनमधून मागवावी लागत. एखादे उपकरण बिघडले तर सुटे भाग समुद्रमार्गे येईपर्यंत त्या ठिकाणच्या नोंदी खंडित होत. अचूक यंत्रभाग घडवू शकणारे कुशल कारागीरही देशात मोजके होते.

शंभर उपकरणांचे आराखडे

१९५३ मध्ये अन्ना मणी उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ कर्मचारी होते आणि ते सर्व पुरुष होते. स्त्री अधिकारी हीच ज्या काळात दुर्मीळ गोष्ट होती, त्या काळात एका कार्यशाळेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. देशाला लागणाऱ्या सुमारे १०० प्रकारच्या हवामान उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि त्यानुसार उत्पादन सुरू झाले.

प्रमाणित आराखडा ही वरकरणी रूक्ष वाटणारी बाब आहे. तिचे महत्त्व पर्जन्यमापकाच्या उदाहरणावरून समजते. पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास आणि आत जमलेल्या पाण्याची मात्रा यांवरून पावसाचे मिलिमीटर ठरतात. दोन ठिकाणच्या उपकरणांच्या व्यासात थोडाही फरक असला, किंवा जमिनीपासूनची उंची वेगळी असली, तर रत्नागिरीचा पाऊस आणि जैसलमेरचा पाऊस यांची तुलनाच करता येत नाही. यंदाचा पाऊस सरासरीपेक्षा कमी की अधिक, हे सांगण्यासाठी सर्व ठिकाणची आणि सर्व वर्षांची मोजणी एकाच मापाने झालेली असावी लागते. दुष्काळ जाहीर करण्यापासून धरणाच्या आखणीपर्यंत अनेक निर्णय अशा नोंदींवर अवलंबून असतात.

याच कारणाने अन्ना मणी यांनी अंशांकनावर, म्हणजे प्रत्येक उपकरण खात्रीच्या मूळ उपकरणाशी ताडून पाहण्याच्या प्रक्रियेवर, कटाक्षाने भर दिला. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा अधिक घातक असते, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. नोंद नसली तर माणूस सावधपणे निर्णय घेतो, चुकीची नोंद असली तर तो खात्रीने चुकतो, हा त्यामागील विचार होता. उपकरणांतील त्रुटींच्या बाबतीत त्या तडजोड करीत नसत.

सूर्यप्रकाश, ओझोन आणि अग्निबाण

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळण्यात आला. पृथ्वी आणि तिच्या वातावरणाचा एकाच वेळी सर्व देशांतून अभ्यास करण्याचा हा उपक्रम होता. त्यानिमित्ताने अन्ना मणी यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सौर प्रारण म्हणजे सूर्याकडून जमिनीपर्यंत पोहोचणारी ऊर्जा. काचेच्या घुमटाखाली ठेवलेला काळा पृष्ठभाग उन्हाने तापतो, त्यातून अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यावरून ही ऊर्जा मोजली जाते. प्रारंभी आयात केलेली उपकरणे वापरण्यात आली. लवकरच पुण्याच्या कार्यशाळेत त्यांची रचना व निर्मिती होऊ लागली.

भारत हा मोसमी पावसाचा देश असल्याने या मोजणीला वेगळे महत्त्व होते. सूर्याची ऊर्जा जमीन आणि समुद्र यांना कमी-अधिक तापवते आणि त्यातूनच मोसमी वाऱ्यांची हालचाल घडते. कोणत्या प्रदेशाला किती ऊर्जा मिळते, याची विश्वासार्ह माहिती या जाळ्यातून मिळू लागली.

१९६० पासून अन्ना मणी यांनी वातावरणातील ओझोन वायूच्या मोजणीकडे लक्ष वळवले. सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून सजीवांचे रक्षण करणारा ओझोनचा थर तेव्हा सर्वसामान्यांच्या चर्चेचा विषय नव्हता. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राचा शोध १९८५ मध्ये जाहीर झाला आणि त्याच्या रक्षणासाठीचा मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला. त्याच्या कितीतरी आधी अन्ना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीचे ओझोनमापी उपकरण विकसित केले होते. फुग्याला बांधलेले हे छोटे उपकरण आकाशात चढत जाते. भोवतालची हवा त्यातील पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते आणि हवेतील ओझोनच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्याची नोंद रेडिओ लहरींद्वारे जमिनीवर पोहोचते. पुणे, दिल्ली व तिरुवनंतपुरम येथून अशी उपकरणे सोडण्यात येऊ लागली आणि पुढे अंटार्क्टिकावरील भारतीय केंद्रातूनही त्यांचा वापर झाला. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्य म्हणूनही अन्ना मणी यांनी काम पाहिले.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाच्या पहिल्या पावलांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला संशोधक अग्निबाण सोडण्यात आला. या तळासाठी हवामान वेधशाळा आणि उपकरणांनी सज्ज मनोरा उभारण्याचे काम विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून अन्ना मणी यांनी केले. त्या काळच्या या छोट्या अग्निबाणांना उड्डाणानंतर दिशा देण्याची सोय नव्हती. जमिनीलगतच्या वाऱ्याने त्यांचा मार्ग कलण्याची शक्यता असे. त्यामुळे उड्डाणापूर्वी निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्याचा वेग व दिशा अचूक कळणे आवश्यक होते.

मंत्रालयाच्या चौकटीत

१९६९ मध्ये उपमहासंचालक म्हणून अन्ना मणी यांची दिल्ली येथे बदली झाली. हवामान खाते त्या वेळी नागरी विमान वाहतुकीचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाच्या अखत्यारीत होते, कारण हवामानाच्या अंदाजाची दैनंदिन गरज सर्वाधिक विमानसेवेला भासे. २००६ पासून हे खाते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे. विद्यापीठातील प्राध्यापक आपल्या संशोधनाचा विषय स्वतः ठरवतो. मंत्रालयाच्या चौकटीतील शास्त्रज्ञाला अंदाजपत्रक, खरेदी, नेमणुका आणि बदल्या यांचा विचार करावा लागतो. त्याच्या कामावर शोधनिबंधाप्रमाणे नावही उमटत नाही. शेकडो केंद्रांवर रोज ठरलेल्या वेळी घेतली जाणारी नोंद हेच त्याच्या कामाचे फलित असते.

ही दोन्ही जगे अन्ना मणी यांनी पाहिली होती. एकटीच्या नावावर पाच निबंध प्रसिद्ध करणाऱ्या संशोधिकेने पुढील सुमारे तीन दशके एका यंत्रणेचा भाग होऊन काम केले. जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून १९७५ मध्ये त्यांनी इजिप्तमध्ये काम केले. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालकपदावरून निवृत्त झाल्या.

पुन्हा बंगळूर

निवृत्तीनंतर त्या बंगळूरला परतल्या. जेथे त्यांचा प्रबंध जतन करण्यात आला होता, त्या रमण संशोधन संस्थेत त्यांनी तीन वर्षे अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम केले. वाऱ्याचा वेग आणि सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे तयार करणारा एक छोटा उद्योगही त्यांनी शहरात सुरू केला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर ऊर्जेच्या पर्यायी साधनांचा शोध सुरू झाला होता. भारत सरकारने १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालयात रूपांतर झाले. धोरण आखण्यासाठी प्रथम प्रश्न होता तो देशात कोठे किती ऊन आणि किती वारा उपलब्ध आहे, हा. त्याचे उत्तर देण्यासारखी सामग्री अन्ना मणी यांच्याकडे होती. १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा संदर्भग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ एस. रंगराजन यांच्यासह सिद्ध केलेला दुसरा ग्रंथ आला. सौर यंत्रणांची आखणी करणाऱ्या अभियंत्यांसाठी हे ग्रंथ आधारभूत ठरले. त्यांतील आकडे ज्या केंद्रांवरून आले, ती उभारण्यास त्यांनीच पुण्यात असताना प्रारंभ केला होता.

वाऱ्याच्या बाबतीत काम अधिक कठीण होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी १९८३ मध्ये देशातील पवन ऊर्जेची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यानंतर या संस्थेच्या बंगळूर येथील केंद्रामार्फत पवन ऊर्जेचे देशव्यापी सर्वेक्षण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. वाऱ्यात असलेली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. त्यामुळे वेगाच्या मोजणीत अवघी १० टक्के चूक झाली, तरी ऊर्जेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी चुकतो आणि त्यावर उभारलेला प्रकल्प तोट्यात जाऊ शकतो. अचूकतेविषयी अन्ना मणी यांचा आग्रह येथे थेट रुपयांत मोजता येण्यासारखा होता. जेथे पवनचक्की उभारायची तेथे मनोरे उभारून दीर्घकाळ वाऱ्याच्या नोंदी घेण्याची पद्धत या सर्वेक्षणामुळे देशात रुजली. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे पठारांवरील पवनचक्क्या मराठी वाचकांनी पाहिल्या असतील. अशा प्रत्येक प्रकल्पापूर्वी वाऱ्याची मोजणी करावीच लागते.

अखेरची वर्षे

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९८७ मध्ये के. आर. रामनाथन पदक देऊन अन्ना मणी यांचा गौरव केला. रामनाथन हे ओझोनचे नामवंत अभ्यासक होते आणि तेही रमण यांचेच शिष्य होते. अन्ना मणी यांना निसर्गाची, पदभ्रमणाची आणि पक्षिनिरीक्षणाची आवड होती. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांच्या हालचालींवर कायमची मर्यादा पडली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला तेव्हा एक आठवडा उरला होता.

२०१८ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त जागतिक हवामान संघटनेने त्यांचे स्मरण केले. देशाची सौर ऊर्जेची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. पवन ऊर्जेच्या क्षमतेने मार्च २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटचा टप्पा ओलांडला. या वाटचालीत असंख्य अभियंते, उद्योजक आणि धोरणकर्ते यांचा वाटा आहे. ऊन आणि वारा यांचा भरवशाचा हिशेब मात्र त्याआधी मांडला गेलेला असावा लागतो, आणि भारतात तो मांडणाऱ्यांमध्ये अन्ना मणी अग्रस्थानी होत्या. विद्यापीठाने त्यांच्या नावाआधी लावू न दिलेल्या दोन अक्षरांची उणीव या नोंदींना कधी भासली नाही.